दोन हजार वॅटचा उपास

आमच्या इमारतीत तळमजल्याच्या एका दारावर पाटी होती. लोक पाटीवर नाव लिहितात, फार तर खाली हुद्दा किंवा परीक्षा लिहितात. या पाटीवर होतं, 'निवृत्ती दगडू जाधव, २००० वॅट'.

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी ती पाटी तीनदा वाचली. मला वाटलं, ही बी.ए.च्याही वरची काहीतरी परीक्षा असणार. ह्यांना विचारलं, तर डोक्यावरची ट्रंक न उतरवता हे म्हणाले, "वेडा असेल."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, मुलगी शाळेत गेली आणि बरोबर अकराला दार वाजलं. मी साखळी लावून फटीतून पाहिलं. पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस कानावर पेन्सिल अडकवून उभा होता. नमस्कार नाही, नाव सांगणं नाही.

"ताई, तुमच्याकडं किती वॅट हाय?"

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. परक्या बाईला पहिल्याच भेटीत असं काही विचारत असतील, हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंडाला पदर लावला.

"फ्रिज हाय ना, लाल? काल जिन्यानं चढवताना पाह्यला. दीडशे धरतो. त्याला पंधरा मिनिटं उपास घाला. मी दाबतोय."

काय दाबतोय, कुणाला दाबतोय, काही कळेना. पण भीतीच एवढी वाटली की मी जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा टकटक.

"सुटला, ताई. लावा."

एवढं बोलून तो शेजारच्या दाराकडे गेला.

तो म्हणजेच तळमजल्याचा पाटीवाला आणि त्याच्याकडे कपड्यावर चित्र छापायचं यंत्र होतं, हे मला दोन दिवसांनी कुलथेकाकूंनी सांगितलं. काकू आमच्या शेजारच्या. नंतर मी ते यंत्र दारातून पाहिलं. खाली एक सपाट बैठक. तिच्यावर टी-शर्ट पसरायचा, त्यावर छापलेला कागद उलटा ठेवायचा. वर पाटाएवढी जाड इस्त्री, तिचा दांडा धरून खाली दाबायचा. वीस सेकंदांनी पिपाणीसारखा आवाज झाला की दांडा वर करायचा. कागद सोलला की खाली वाघ, गणपती, नाहीतर एखाद्या मंडळाचं नाव उमटलेलं असे. नवरात्राच्या आधी वणीच्या देवीला पायी जाणारी सगळी मंडळं त्याच्याकडेच येत.

छापायला वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो यंत्र तापायला. "एकदा तापली की मग घोट घोट घेते," निवृत्तीभाऊ सांगायचा. "पण तापताना म्हशीवानी पिते. दोन हजार वॅट. लोड येतो."

आणि आमच्या इमारतीची वायर जुनी, आठ घरांना मिळून एकच मोठा फ्यूज. आम्ही यायच्या आधी यंत्र आलं, त्या पहिल्या सकाळी कुणाचा गिझर, कुणाची इस्त्री, कुणाचा मिक्सर चालू होता. त्यात याने बटण दाबलं. फटाका फुटावा तसा फ्यूज उडाला. आमचे घरमालक सोनवणे सर त्या वेळी डोक्याला साबण लावून बसले होते. सर गणिताचे, निवृत्त झालेले, कडक. ते तसेच टॉवेलवर खाली आले आणि त्यांनी सांगितलं, "इथून पुढे आठही घरी विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही."

सर रागाच्या भरात बोलून गेले. निवृत्तीभाऊने ते शास्त्रासारखं धरलं. रोज अकराला तो वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खालपर्यंत दारं वाजवत यायचा. लोडशेडिंगमुळे अकराला वीज नसली, तर वीज आल्यावर यायचा. पण यायचाच.

त्याला माणसं नावाने लक्षात राहत नसत. सर म्हणजे गिझरवाले दोन हजार, आपल्या बरोबरीचे. कुलथेकाकू मिक्सरच्या पाचशे. मी दीडशे. इमारतीत नवी सून आली की बायका तिचा रंग बघायच्या, हा विचारायचा, "माहेरून इस्त्री आणली का?"

एकदा थंडीत मी शाल गुंडाळून दार उघडलं. तर म्हणाला, "माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट देतो, ताई. पुस्तकात हाय. चार माणसं खोलीत असली तर शेगडी नको." मला हे ऐकून नवलच वाटलं. माझ्या अंगातून काही निघतं, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या खोलीत मात्र शंभरच होते. बायको फार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही.

काकूंच्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी तर कहर झाला. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच वेळी दारातून याचं डोकं आत आलं. "काकू, पंखा बंद करा. दाबतोय."

वैशाखातला दिवस. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण मुलाचे वडील उठून उभे राहिले. "किती वॅटचं आहे हो?" त्यांनी विचारलं. मग दोघं बोलत बोलत जिना उतरले. इकडे मुलीचं शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला, ती उठून आतही गेली. तासाभराने मुलाचे वडील वर आले ते अंगात कुठल्याशा क्रिकेट मंडळाचा पिवळा टी-शर्ट घालूनच. लग्न ठरलं. काकू म्हणत राहिल्या की मुलीच्या नशिबाने ठरलं.

अशी दोन वर्षं गेली. मग लोक कंटाळले. उपास सोडायला कुणी विसरे, दूध नासे. कुणी दुपारचं झोपलेलं असे. सर सांगायचे, "अरे, वेगळं मीटर घे. खांबावरून वेगळी जाड वायर येईल, आमच्या फ्यूजशी तुझा संबंधच उरणार नाही. कागदावर सही मी कधीच दिली आहे." हा मान डोलवायचा आणि अकराला पुन्हा दारात हजर. शेवटी भाद्रपदात सरांनी निक्षून सांगितलं. घटस्थापनेच्या आत मीटर घे, नाहीतर खोली खाली कर. म्हणजे ऐन वणीच्या कामात. दुसरीकडे एवढं यंत्र चालेल अशी खोली एवढ्या थोड्या दिवसांत त्याला कोण देणार होतं?

त्याच आठवड्यात गॅलरीच्या दोरीवरून माझा टॉवेल इमारतीच्या मागे पडला. तिकडे नुसता बोळ आहे, कुणी जात नाही. मी दुपारी, कुणी नाही असं पाहून गेले. टॉवेल उचलला आणि समोर पाहते तर भिंतीला एक टी-शर्ट. वाळत घातलेला नव्हे, कशाला तरी घातलेला. पुढे देवीचं चित्र, वाकडं छापलं गेलेलं. मी टोक उचललं.

आत मीटर होतं, कोरं करकरीत. खांबावरून आलेली काळी जाड वायर त्यात शिरली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडे यंत्राची पिपाणी वाजली आणि मीटरमधला लाल दिवा भराभरा डोळे मिचकावू लागला.

मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. मागून बादली ठेवल्याचा आवाज आला. निवृत्तीभाऊ होता.

"हे कधीचं?" मी विचारलं. त्याला मी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"चैत्रातलं."

चैत्रातलं. म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. मी मनात महिने मोजले. आषाढात दोनदा दूध नासलं होतं, त्यावरून घरात बोलणी खाल्ली होती.

"मग आमचे फ्रिज कशाला बंद करायला लावता?"

तो बादलीवर वाकला. "मग काय काम सांगून वर येऊ, ताई?"

टॉवेल छातीशी धरून वर आले. रागाने मी दार आपटलं. रात्री भाकऱ्याही आपटतच थापल्या, पण तेव्हा तो राग होता की काय, मला सांगता येत नाही.

रविवारी सकाळी सरांच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. बायका आतल्या दाराशी. निवृत्तीभाऊ चपलांजवळ उकिडवा बसला होता.

"आठ दिवस राहिले," सर म्हणाले. "मीटरचं काय?"

तो समोरच्या चपला सरळ लावू लागला.

"सर, याला काही घ्यायचं नाही," काकू म्हणाल्या. "याला फुकटात दारोदार फिरायला मिळतंय."

त्याची पंचाईत मला दिसत होती. मीटर आहे म्हणावं, तर कधीपासून ते निघणार. सरांना खोटं खपत नाही, एका खोट्यावरून त्यांनी आधीच्या भाडेकरूचं सामान काढलं होतं. मीटर नाही म्हणावं, तर खोली जाणार. तो जमिनीवर बोटाने काहीतरी काढत बसला होता.

"मीटर आलंय," असा आवाज आला. "काल बसलं."

आवाज माझा होता. खोलीतली सगळी डोकी वळली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही घरातला फ्रिज बोलला.

"तुला गं काय माहीत?" काकू म्हणाल्या.

"टॉवेल पडला होता मागे," मी म्हटलं.

सगळे मागच्या बोळात गेले. सरांनी टी-शर्ट वर केला, चष्मा कपाळावर नेला आणि आकडा वाचला.

"नऊशे एकवीस युनिट," ते म्हणाले. "काल बसलं?"

आकडा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लय पिते, सर," निवृत्तीभाऊ हळूच म्हणाला. "म्हशीवानी."

सरांचे ओठ हलत होते. ते गणित करत होते. रोजचे तास, रोजचे युनिट, किती दिवस. उत्तर आलं तेव्हा ओठ थांबले. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मीटरचा टी-शर्ट खाली ओढून नीट केला, लहान मुलाचा करतात तसा.

"बरं," ते म्हणाले. "मीटर आहे. प्रश्न मिटला. उद्यापासून कुणाचं दार वाजवायचं कारण नाही."

सोमवारी अकरा वाजले. दार वाजलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी अकराला काकू दार उघडून उभ्या दिसल्या. "वारा येतोय का बघत होते," म्हणाल्या. दूध छान राहत होतं. सकाळी घरची दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत मला कुणी काही विचारत नव्हतं. पूर्वीही नव्हतंच. पण पूर्वी मध्ये अकरा वाजायचे.

शुक्रवारी मी अकराला दहा मिनिटं कमी असताना चपला घातल्या. चार वेळा काढल्या आणि पाचव्यांदा जिना उतरले. कुणाचं दार मी आजवर स्वतःहून वाजवलं नव्हतं. कडी कशी वाजवावी, हेही ठरवावं लागलं.

निवृत्तीभाऊने दार उघडलं. आत टी-शर्टांचे ढीग होते आणि यंत्राची धग दारापर्यंत येत होती. तो सकाळपासून छापत असणार.

"अकरा वाजतायत," मी म्हटलं. "आज उपास नाही का?"

तो वळला, यंत्राजवळ गेला आणि रसरसून तापलेल्या त्या यंत्राचं बटण त्याने बंद केलं.

"हाय ना," तो म्हणाला. "आत्ताच लावणार व्हतो. जरा थंड हाय. तुमी व्हा पुढं."

मी वर आले, फ्रिज बंद केला आणि दाराशी उभी राहिले. जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावर सरांची कडी वाजली आणि सरांचा आवाज आला, "केलाय रे गिझर बंद."

पंधरा मिनिटांनी माझ्या दारावर टकटक झाली.

"सुटला, ताई."