द्राक्षबागेतले हेडसर

"यंदा जयरामभाऊंच्या बागेत पाखरानं एका मण्याला चोच लावली, तर शिकवणं सोडून मी पापड लाटीन," ज्योत्स्नाबाईंनी भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं. ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात उडदाचं पीठ भिजवायला घेतलं.

सन नव्व्याण्णव. दिंडोरीकडचं हायस्कूल. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून बाई तंत्राचा विषय शिकवायला आल्या होत्या. पुस्तक मिटायचं, पक्कड धरायची आणि गावाच्या कामाची वस्तू बनवायची, अशी त्यांची रीत. पण या वर्गाला परवानगी वर्षापुरतीच होती. शिक्षण खात्याचे साहेब येऊन पोरांचं काम बघणार आणि वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवणार. बंद झाला की पक्कडी पोत्यात आणि बाई घरी.

नववीच्या पोरांनी पाखरं हाकलणारा भोंगा बनवला. भंगारातल्या वॉशिंग मशीनचा टायमर, एक बाजू संपली की आपोआप दुसरी लावणारा ऑटो-रिव्हर्सचा टेप, ट्रॅक्टरची बॅटरी आणि गणेश मंडळाचा कर्णा. टायमर फिरला की टेप चालू, कॅसेटमध्ये फटाके. पण चार दिवसांत बुलबुल इतके सरावले की फटाके म्हणजे त्यांना जेवणाची घंटा वाटू लागली.

एकदा वर्गात टेपवर नवा आवाज भरणं चाललं असताना व्हरांड्यातून हेडसर कडाडले, "कोण आहे रे तो? पुढं ये! हात पुढं कर!"

भामरे सरांनी आधी कळवणला आणि मग इथं, दोन पिढ्या याच आवाजावर वळणाला लावल्या होत्या. खिडकीबाहेरच्या लिंबावरची सगळी पाखरं एकदम उडाली. काही म्हणे थेट गुजरातेत जाऊन उतरली. नववीतल्या चैतालीनं कॅसेट मागे फिरवून ऐकली. सरांचा आवाज कॅसेटमध्ये आला होता.

"बाई, हेच लावायचं का?"

बाईंना वाटलं, सरांना विचारावं. पण विचारायचं काय? सर, तुमच्या आवाजानं पाखरं पळतात? त्यांनी नाही विचारलं.

भोंग्यातून सरांचा आवाज सुरू झाला आणि बाग साफ मोकळी झाली. आठवड्यात जयरामभाऊ शाळेत आले.

"बाई, पाखरं गेली, त्याचं काय नाय. पण मलाच बागेत जाता येईना. भोंगा वाजला का माझा हात आपोआप पुढं जातो. मजूर हसत्यात."

बागेतल्या मजुरांत एकट्या भागीबाईचं काम शांतपणे चालू होतं. ती पेठकडची, शाळेत कधी गेलीच नव्हती. "मालक, त्यो बाबा कवाचा वरडतोय," ती म्हणाली, "त्याला भाकर तरी द्या."

साहेब यायच्या दिवशी हेडसरही बागेत येणार म्हटल्यावर बाईंनी सकाळीच कॅसेटवर पुन्हा फटाके भरले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. एक बाजू संपली तर पाखरांना सुट्टी मिळायला नको, म्हणून पोरांनी सर दोन्ही बाजूंना भरून ठेवलेत, हे त्यांना कुठं ठाऊक!

खैरनार साहेब गॉगल लावून आले. फटाके ऐकून त्यांनी नाक मुरडलं.

"पुस्तक कुठवर आलंय?"

"साहेब, पुस्तकातलंच पोरांनी हातानं केलंय."

"फटाके वाजवायला सरकारनं वर्ग दिलाय का?" साहेबांनी पेन उघडलं. बाईंना पोतं दिसू लागलं.

तेवढ्यात टेप खट् करून उलटला.

"कोण आहे रे तो? पुढं ये! हात पुढं कर!"

पेन मातीत पडलं. साहेबांचा हात तळवा वर करून पुढं आला. शेजारी जयरामभाऊंचाही. साहेबांनी घाबरून हेडसरांकडे पाहिलं, तर सरांचे दोन्ही गाल द्राक्षांनी फुगलेले आणि ओठ गच्च मिटलेले. आवाज मात्र आभाळातून येत होता. सर स्वतःच दचकून वर बघत होते.

सरांनी द्राक्षं गिळली. पुढं आलेला तळवा पाहिला, मग तळव्याच्या मालकाला निरखलं.

"सुनील? कळवणचा?"

"हो सर."

"हात खाली घे."

"हो सर."

"पोरांनी बरं केलंय ना?"

"हो सर."

"मग लिही."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी लिहिलं आणि बाईंच्या हाती दिलं. "सर, जाऊ का?"

"जा. नीट जा."

जीप वळणाआड गेली तेव्हा बाई सरांकडे वळल्या. "सर, तुम्हाला न विचारता आम्ही..."

"असू द्या," कर्ण्याकडे बघत सर म्हणाले. "इतकी वर्षं वाटायचं, माझं कुणी ऐकत नाही."

बाईंनी कागद उघडला. वर्ग कायम चालू ठेवण्यास मंजुरी. वाचून डोळे भरून आले. खाली सही होती: सुनील खैरनार, नववी ब.

डोळे लगेच कोरडे झाले. असला कागद चालायचा कसा? दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून त्या नाशिकच्या कचेरीत गेल्या. कारकुनानं कागद वाचला, सही पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"बाई, भामरे सरांच्या शाळेतून आलात का?"

"हो."

कारकून खुर्चीतून उठला, शर्ट खोचला आणि उभ्यानंच शिक्का मारला.