तीनदा वन्स मोअर

मधुकररावांनी नाटकाची तारीफ लिहून संपवली, तेव्हा नाटक सुरू व्हायला अजून साडेचार तास होते. शाई वाळावी म्हणून त्यांनी पोस्टकार्ड शिवणयंत्राच्या फळीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि आपलंच अक्षर कौतुकाने न्याहाळलं.

"अजी, नाटक तं दिवे लागल्यावर हाये ना?" मनकर्णाबाई सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "पाह्यलं नाई आन् चांगलं झालं म्हून लिवूनबी टाकलं?"

"पाहाले कायले पाह्यजे? आठ वर्सं हेच नाटक वाजवून राह्यलो मी. कुठं पद येते, कुठं टाळी येते, मले सारं ठावं हाये. आन् हे तं टीव्हीवर मुंबईची कंपनी करून राह्यली."

"मंग उद्या लिवा."

"उद्या रविवार. सोमवारी टाकलं तं गुरुवारी मुंबईले पोचन. तवरिक पुण्यावाल्यायची पत्रं वाचूनबी होतीन."

हा हिशेब मधुकररावांनी चार रात्री जागून केला होता. टीव्हीवर दर गुरुवारी प्रेक्षकांची पत्रं वाचत. त्यात पुणं असे, ठाणं असे, फार तर नाशिक. भंडारा जिल्ह्याचं नाव कधी ऐकू येत नसे, कारण भंडाऱ्याची मतं तिथे शिळी होऊन पोचत. एकदा तरी आपलं मत ताजं पोचवायचं, तर ते होण्याआधीच टाकायला हवं, इतकं सरळ गणित होतं.

मधुकरराव कारध्याचे शिंपी आणि पेटीमास्तर. वर्षभर ते शिवणयंत्राचं पायडल मारत आणि दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, की मंडईच्या नाटकात पायपेटीचं. बावीस वर्षं ती पेटी दुसऱ्या कोणी वाजवली नव्हती. पण या साली, म्हणजे पंच्याऐंशी साली, मंडई कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी यांचा मेहुणा यादोराव याने तुमसरला बिजलीवर चालणारी पेटी घेतली होती. तिच्यातून बासरी निघे, तबला निघे, बटण दाबलं की घोड्याच्या टापाही निघत. नाटकात राजा घोड्यावरून येतो, हे भैय्याजींना एकदम आठवलं.

"जमाना बदलून राह्यला, मास्तर," भैय्याजी म्हणाले होते. "तुमी आता समोर बसून नाटक पाहा."

त्यावर मधुकरराव चार माणसांत म्हणून गेले, "माहं मत टीव्हीवर वाचतीन. मंग पाहू."

"वाचलं तं पेटी तुमची," भैय्याजी हसून म्हणाले. "नाई वाचलं तं यादोराव."

तेव्हा कार्ड साधंसुधं नव्हतं. त्यात मधुकररावांची बावीस वर्षं होती. त्यांनी ते हातात धरून मनकर्णाबाईंना खणखणीत वाचून दाखवलं:

'सा. न. वि. वि. आज आपल्या कृपेने संगीत कनकवेल हे नाटक पाहिले. दुसऱ्या अंकातील राजाचे बागेतील पद तर केवळ अवर्णनीय. असे पद आम्ही उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. गायकाने घशाला तिळमात्र त्रास न देता ते पार पाडले. पायपेटीवाल्यांची साथ इतकी संयमी, की पेटी आहे हेही कळू नये. या पदाला आम्हां समस्त कारधावासीयांनी उभे राहून तीनदा वन्स मोअर दिला.'

"तीनदा काहून?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"दोनदा तं आपल्या मंडईतल्या सुखरामलेबी भेटते," मधुकरराव म्हणाले आणि कार्ड घेऊन पोस्टात गेले. टपाल पाहणाऱ्या टिकारामने त्यांच्यासमोर त्यावर शिक्का मारला, थैलीत टाकलं आणि थैलीला लाख लावली.

संध्याकाळी भैय्याजींच्या पडवीत सगळं गाव जमलं. कारध्यात टीव्ही एकच. अँटेना दोन बांबू जोडून नागपूरच्या दिशेने उभी केलेली आणि चित्रात कायम बारीक पाऊस. भैय्याजींनी उभं राहून सांगितलं, "हे आधी काढून ठेवलेलं नोहे. आता या टायमाले तिकडं गाऊन राह्यले आन् इकडं आपण पाहून राह्यलो."

या माहितीने घोटाळा झाला. पहिल्या अंकात राणीचं पद रंगलं आणि मंडईच्या नाटकात राजा होणारा सुखराम सवयीने उठून ओरडला, "वन्स मोअर." भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत प्रेक्षकाने वन्स मोअर दिला, की नटाला पद पुन्हा म्हणावंच लागतं. मेलेला असेल तर उठून म्हणावं लागतं. पण राणी ढिम्म. ती पुढचं बोलू लागली.

"ऐकूनच नाई राह्यली," सुखराम म्हणाला.

"तिले आपला आवाज कसा जाईन बाप्पा?" भैय्याजी म्हणाले.

"आता या टायमाले गाऊन राह्यली म्हून तुमीच सांगतलं ना जी."

इकडे शकुनबाई आणि कुंताबाई यांच्यात राणीचं लुगडं हिरवं की लाल यावरून जुंपली होती. टीव्ही काळापांढरा असल्यामुळे दोघींनाही माघार घेण्याचं कारण नव्हतं. मधुकरराव मात्र मांडीवर बोटांनी सूर धरून निवांत बसले होते. आपलं मत या वेळी नागपूरच्या वाटेला लागलं असेल, या विचाराने त्यांना प्रत्येक पद गोड लागत होतं.

दुसरा अंक आला. बाग आली. राजा आला. मधुकररावांनी मान डोलवायला तयार ठेवली. पायपेटीने सूर दिला. राजाने तोंड उघडलं, मिटलं, हात गळ्याला लावला, विंगेकडे पाहिलं. पेटीने पुन्हा सूर दिला. राजा खोकला. मग झाडाकडे वळून तो चक्क बसक्या आवाजात म्हणाला, "प्रधानजी, चला, मृगयेला निघू." आणि बाग संपली.

पडवीतल्या सगळ्यांनी माना वळवून सुखरामकडे पाहिलं.

"पद खाल्लं," सुखराम म्हणाला. "राजानं अख्खं पद खाल्लं."

"थंड पाणी पेला असन," शकुनबाई म्हणाल्या.

मधुकररावांची मान डोलवायला म्हणून तिरकी झालेली तशीच राहिली. मग ते उठले आणि तडक टिकारामच्या घरी गेले. टिकाराम जेवत होता.

"टिकाराम, माहं कार्ड वापस दे."

"थैली तं पाचच्या बसनं भंडाऱ्याले गेली, मास्तर. आन् थैलीत पडलेलं पत्र सरकारचं असते. काहून, पत्ता चुकला का?"

"पत्ता बरोबर हाये," मधुकरराव म्हणाले, "बाकी सारं चुकलं."

टिकारामला सगळं सांगावं लागलं. तो भला माणूस होता. हसला, पण भाताकडे पाहून हसला.

त्यानंतर गुरुवारपर्यंत मधुकररावांनी जी प्रार्थना केली, ती आपलं पत्र वाचलं जाऊ नये अशी. पेटी गेली तर गेली, पण अब्रू राहील. न म्हटलेल्या पदाला तीनदा वन्स मोअर देणारा माणूस म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं, तर कारध्यात सदरा कोण शिवून घेणार? गुरुवारी दुपारी त्यांना एक युक्ती सुचली. ते भैय्याजींकडे गेले आणि म्हणाले, "चित्र बरोबर येऊन नाई राह्यलं. अँटेना नीट करून देतो." गड्याला शिडी धरायला लावून ते स्वतः कौलावर चढले आणि अँटेनेचं तोंड त्यांनी नागपूरवरून काढून वैनगंगेच्या डोहाकडे फिरवलं.

संध्याकाळी टीव्ही लावला, तेव्हा कारध्यात आजवर कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ चित्र आलं. पाऊस नाही, सावली नाही. पत्रं वाचणाऱ्या बाईच्या कानातल्या कुड्यांचे मोतीसुद्धा मोजता येत होते.

"मास्तर, हात लागला म्हंजे लागला," भैय्याजींनी खूश होऊन त्यांना अगदी पुढे बसवलं.

बाई म्हणाल्या, "कनकवेल नाटकातलं बागेतलं पद गाळल्याबद्दल रागाची खूप पत्रं आली आहेत. काही तर वाचून दाखवण्यासारखी नाहीत. पण भंडारा जिल्ह्यातल्या कारध्याहून श्री. मधुकरराव यांनी रागाचा एकही शब्द न वापरता जे लिहिलं आहे, ते ऐकाच."

आणि त्यांनी वाचलं. 'असे पद आम्ही उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते' इथे बाईंच्या शेजारी बसलेले गृहस्थ हसू लागले. 'घशाला तिळमात्र त्रास न देता' इथे बाईंनाही हसू आवरेना. 'पेटी आहे हेही कळू नये' इथे थांबून त्या पाणी प्यायल्या. तीनदा वन्स मोअरपाशी दोघांनीही हात टेकले. "उपरोध असावा तर असा," ते गृहस्थ म्हणाले. "आणि शिक्का पाहा, त्याच तारखेचा. रसिकता याला म्हणतात."

मधुकररावांनी डोळे मिटून घेतले होते. मग भैय्याजींचा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

"मास्तर," भैय्याजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमी तं मारूनच टाकलं थ्याले. आन् आमी समजत होतो, शिंपी हाये."

मधुकररावांनी एक डोळा उघडला. सगळं गाव त्यांच्याकडे आदराने पाहत होतं. त्यांनी दुसराही उघडला.

"मोठ्या मानसाले शिव्या नाई द्या लागत," ते सावकाश म्हणाले. "अशीच टाचनी लावा लागते."

मागे भिंतीशी उभ्या असलेल्या टिकारामला जोराचा खोकला आला.

पेटी मधुकररावांची झाली. यादोरावाला घोड्याच्या टापांपुरतं बोलावायचं ठरलं. आठ दिवसांत मधुकरराव ती गोष्ट इतक्यांदा बोलले, की उपरोधच लिहिला होता, अशी त्यांचीही खात्री पटली. कोणता शब्द कसा तोलून टाकला, हे ते गिऱ्हाइकाचं माप घेताना समजावून सांगत आणि त्यामुळे त्या महिन्यातले बरेच सदरे छातीत घट्ट झाले.

गावानेही ती विद्या उचलली. चहा पांचट झाला, की टपरीवर कोणीतरी गंभीरपणे म्हणे, "वन्स मोअर." पुलावर एसटी बंद पडली, की आतून वन्स मोअर. भजनात कुंताबाईंचा सूर गेला, की वन्स मोअर. एकदा मनकर्णाबाईंच्या हातून वरण खारट झालं, तेव्हा खुद्द मधुकररावांनी तो दिला. मनकर्णाबाईंनी न बोलता आणखी एक वाटी वाढली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

मंडई आली. नाटकाला कारधा तर होतंच, भंडाऱ्याहूनही लोक पूल ओलांडून आले होते. टीव्हीवर नाव आलेला पेटीमास्तर त्यांना पाहायचा होता. दुसऱ्या अंकात बाग लागली. सुखराम राजाच्या पोशाखात पुढे आला. मधुकररावांनी सूर धरला आणि त्या पदात त्यांनी जी साथ केली, तशी बावीस वर्षांत केली नव्हती. सुखराम जिथे दम घेई, तिथे पेटी त्याला उचलून पुढे नेई. पद संपलं तेव्हा मधुकररावांचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "वन्स मोअर."

लगेच दुसरीकडून, "वन्स मोअर."

आणि पार मागून, चांगला लांबवून, तिसरा.

मधुकररावांची बोटं सुरांवरच थिजली. सुखराम मुकुट सावरत वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, हे खरं का तसं?"

मधुकररावांनी लोकांकडे पाहिलं. सगळे हसऱ्या तोंडाने बसले होते आणि त्या हसण्यावरून काहीच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी पुन्हा सूर धरला. पद तीनदा झालं.

नाटक सुटल्यावर त्यांनी भैय्याजींना विचारलं नाही, टिकारामला विचारलं नाही. मनकर्णाबाई पेटीवर गवसणी चढवायला आल्या, तेव्हा खाली पाहत म्हणाले, "पयला आवाज बायकायकडून आला."

"माहाच होता थो."

"खरा होता का तसा?"

मनकर्णाबाईंनी गवसणीची नाडी बांधली. "तुमी थे कार्ड लिवलं, थे खरं लिवलं होतं का तसं? आधी थे सांगा."

मधुकररावांनी इकडे तिकडे पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला.

"खरं लिवलं होतं. अगदी मनापासून."

"मंग माहाबी खरा होता," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मधुकररावांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पेटीची एक बाजू स्वतः उचलली. चार पावलं गेल्यावर ते थांबले.

"आन् बाकीचे दोन?"

"थे मले का मालूम?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "उचला तिकडून. जड हाये."