यादीत नाव नसलेलं कार्ड

आमच्या घरातला एकही धोका माझ्या नजरेतून सुटत नाही, हे मी धारूरच्या चौकात बोर्ड लावून सांगायला तयार आहे. गेल्या वर्षी माझी लेक मोहिनी आठ महिन्यांची होती, रांगत होती. मी सगळ्या सॉकेटांना चिकटपट्टी लावली, पलंगाच्या पायांना पायमोजे घातले. शिवाय मी बीसीए. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या सोमवारी, घरबसल्या लिनक्सची मशीनं सांभाळायच्या नोकरीची मुलाखत तीनला होती, तर मी दोनलाच मोहिनीला झोपवून, वेणी घालून, सणापासून बंद असलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले.

इंटरनेट नव्हतं.

मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. कॉम्प्युटरचं इंटरनेटची वायर लावायचं मूळ पोर्ट वीज पडून जळालेलं, म्हणून आत वेगळं नेटवर्क कार्ड बसवलेलं. आत काय काय आहे याची यादी मी लिनक्सकडे मागितली. आवाजाचं कार्ड होतं, चित्राचं होतं, नेटवर्कचं नाव गायब. लग्न झालेल्या पोरीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून जावं तसं.

“सूनबाई,” दारातून सासरे, बंकटमामा म्हणाले, “त्या डब्यातलं ते हिरवं...”

“मामा, हळू. पोरगी उठंल.”

मी ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. लिनक्सचा जुना गाभा, म्हणजे कर्नल, लावून पाहिला. तीनदा मशीन बंद-चालू केलं. अडीच वाजले.

“सूनबाई, मी काय म्हनतो, ते हिरवं...”

“मामा, माझी नोकरी चाललीय हो.”

“मग मी गप बसतो.”

सासूबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. “नजर लागली हाय डब्याला,” म्हणत त्यांनी मीठ-मिरच्या कॉम्प्युटरवरून ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका झाला. मोहिनी उठली आणि तिनं भोंगा लावला. तिला कडेवर घेऊन मीही रडकुंडीला आले.

“आता बोलू का?” मामा खोकत म्हणाले.

“बोला.”

“खंडेनवमीला हत्यारं पुजली. माझी मेंढ्याची कातर, हिचा इळा. तुला इचारलं, तुजं हत्यार कोनतं? तू पोरीला पाजीत हुतीस. म्हनलीस, कॉम्प्युटर. डबा लई जड, पाटावर मावंना. मग आतलं एक हिरवं पान काढून पुजलं. दसऱ्याला खोसलं की परत, जागच्या जागी.”

मी वायर काढून डबा उघडला. कार्ड खरंच जागच्या जागी होतं. फक्त त्याच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर हळदीकुंकवाचा खडखडीत वाळलेला थर होता. मोहिनीला मामांकडे देऊन मी पेन्सिलीमागच्या रबरानं दात घासले, कार्ड दाबून बसवलं. यादीत नाव आलं. तीनला एक मिनिट कमी होतं.

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या करिष्मा मॅडम आल्या. “मशीनला नेटवर्क कार्ड दिसत नाहीये. सगळ्यात आधी काय कराल?”

पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं.

“घरात विचारीन.”

“कुणाला?”

“सासऱ्यांना.”

माझ्या मागे मामांनी फेटा सारखा केला.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “आणि मग?”

“खोडरबर.”

नोकरी लागली. का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मात्र मी आधीच हुशार झाले. मामांनी विचारायच्या आत सुटा कीबोर्ड त्यांच्या हातात दिला आणि निर्धास्तपणे मोहिनीमागे पळाले. पूजेआधी हत्यार धुतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हौदाकडून पाण्याचा आवाज आला, तेव्हा आठवलं.