तरंगदर्शकाच्या तापवेळेची बखर

श्रीगजाननास वंदून, आणि ज्याचे योगें न दिसणारें दिसूं लागतें त्या हिरव्या ठिपक्यास हात जोडून, वृत्तांत ऐसा जे: शके अठराशें एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सर, ते समयीं एका दौलतींत दर्शकखाना होता, आणि त्याचे कारभारी राजश्री बावाजीपंत खांबेटे. तेथें तरंगदर्शक यंत्र होतें, ज्यास टोपीकर ऑसिलोस्कोप म्हणतात. पूर्वीं त्याचें मुख वाटोळें, तळहाताएवढें. तारेंतली वीज त्यावर हिरवी लाट होऊन उमटे, परंतु लाट ठरेना, द्वाड घोड्यासारखी पळत सुटे, आणि पंत कळ फिरवून घामाघूम होत. मग युक्ती निघाली कीं लाट नेमल्या उंचीस येईल तेव्हांच ठिपक्यानें धांव घ्यावी, आणि लाट उभी राहिली. परंतु ठिपका निघेतों लाटेचें तोंड निसटून जाई. मग यंत्राचे पोटीं तारेचें लांब वेटोळें घालून लाटेसच अंमळ रखडविलें, आणि ठिपका आधीं सिद्ध होऊन लाटेचें मुखदर्शन जाहलें. त्या दिवशीं पंतांनीं पेढे वांटले. मग पडद्यावर चौकटी आंखिल्या, मग काढते-घालते खण केले, आणि पोटांतले तापून तेजाळणारे कांचेचे दिवे, ज्यांस व्हॉल्व्ह म्हणतात, ते इतके वाढले कीं यंत्र चौघांस उचलेना, चाकांच्या गाड्यावर बसलें, आणि थंडींत खान्याची मांजर त्याचे माथ्यावर निजूं लागली.

बिनतारीखान्याचे कारभारी हैबतराव शितोळे हे पंतांचे बाळमित्र. हुजूरचा हुकूम ऐसा कीं रोज प्रातःकाळीं रावांनीं आपली लाट आणून पंतांकडे तपासावी. एके दिवशीं लाटेच्या माथ्यावर कोंबड्याचा तुरा दिसला, आणि पंत चारचौघांत बोलिले, "राव, तुमची लाट बिघडली." राव संतापले. म्हणाले, "आमची लाट चोख आहे. तुमचें यंत्रच तिरळें!" आणि बोलणें तुटलें. दुसरे दिवशीं पंतांनीं पाहिलें तों लाट यंत्रांत नेणारी जी दांडी, तिचा बारीक स्क्रू पिळावयाचा राहिला होता, आणि तें काम पंतांचेंच होतें. पंतांनीं मुकाट्यानें स्क्रू पिळिला, तुरा गेला, परंतु चूक झाली हें तोंडावर येईना. नाक मोठें, त्यास कोणी काय करावें?

तथापि यंत्राचा एक रिवाज होता. थंड यंत्रावर लाट सरकते, सबब व्हॉल्व्ह पुरते तापेतों कोणीं मापूं नये, बसून राहावें. राव रोज येत, पाठ करून बसत, आणि पंत चहा ठेवीत. एके दिवशीं राव मांजरीस म्हणाले, "धन्यास सांग, चहांत साखर कमी आहे." पंतही मांजरीसच म्हणाले, "पाहुण्यास सांग, वैद्यानें मना केली, म्हणून कमी आहे." मग रोज ऐसेंच चालूं लागलें, आणि लेकीबाळींचीं लग्नें, दुखणीं-खुपणीं, दरबारच्या लावालाव्या, सर्व मांजरीचे कानीं पडूं लागलें. वर्षें लोटलीं.

मग ट्रान्झिस्टरचें यंत्र आलें. एका हातीं उचलावें, कळ दाबतांच लाट पाहावी, ऊब म्हणून नाहीं. जुनें यंत्र गोदामीं गेलें आणि मांजर त्याजमागें गेली. पंतांस दुःख बहुत जाहलें. यंत्राचें होतेंच, परंतु त्याहून मोठें हें कीं राव आतां कशास बसतील?

दुसरे दिवशीं राव आले. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों लाट दिसली, काम संपलें, आणि राव पागोटें सांवरून उंबऱ्याशीं गेले. पंतांनीं पाठीमागून हाक दिली. म्हणाले, "हैबतराव, लाट चोख आहे."

राव थांबले.

"त्या दिवशींही चोखच होती. स्क्रू माझा ढिला होता."

राव परत फिरले आणि समोर तोंड करून बसले. म्हणाले, "पंत, हें सांगावयास इतकीं वर्षें?"

पंत बोलिले, "काय करूं, राव? तुम्ही रोज येतच होतां."

एवंच, व्हॉल्व्हचा अंमल उठला आणि थंड यंत्राचा बसला. यंत्रें बहुत जाहलीं, पुढेंही होतील. हैबतराव मात्र अद्यापि प्रातःकाळीं येतात, आणि काय काम म्हणून त्यांस कोणी पुसत नाहीं.