पिवळ्या चादरीवरचा मावा

"कुंपणावर ही चादर कोणी वाळत घातली?" बाबा अंगणातूनच गरजले.

"मी घातली. आता चादर वाळवायलाही परवानगी काढायची का?" मुलीनं आतूनच ठणकावलं.

बाबांनी काकडीच्या मळ्यात साबणाच्या पाण्यानं भरलेली पिवळी घमेली ठेवली होती. वेलींना रोग लावणारा, पंख फुटलेला मावा हा बारीक किडा पिवळ्या रंगाला भुलतो आणि पाण्यात पडतो. बाबा रोज भिंग घेऊन घमेली तपासत. मावा दिसला तरच औषध मारायचं. आसपासचे मळेवालेही त्यांच्याच शब्दावर फवारणीचा पंप उचलत. त्या सकाळी घमेली कोरी निघाली आणि बाबांनी शेजारच्या काकांना सांगून टाकलं, "खुशाल निजा."

दुपारी चादर दिसली. चांगली रुंद, ओली, पिवळीधमक आणि माव्यानं भरलेली.

"माझा मावा पळवलास तू!"

"तुमचा? नाव कोरलं होतं का त्याच्यावर?"

तिनं चादर बादलीत कोंबली. बाबांनी ती ओढून काढली आणि थेट जेवणाच्या टेबलावर पसरली.

"अहो बाबा, जेवायचं कुठं?"

"उभ्यानं!"

मग त्यांनी काकांना फोन लावला. "पंप बाहेर काढा. हो, सकाळी नाही म्हणालो होतो. काय करू, मुलीनं चादरीत दडवला होता!" फोनमधलं हसू स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. चारचौघांत अशी शोभा! ती संध्याकाळभर त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. बाबा मात्र मजेत शीळ घालत घमेली भरत होते.

पहाटे बाबा झोपेतच गेले.

दहा-बारा दिवसांनी पाहुणे पांगले, तसे काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. "ताई, विचारू नये, पण आता पुन्हा औषध मारू की नको? वेली फुलावर आल्यात, मधमाश्या फिरतायत. उगाच मारवत नाही. आणि नाही मारलं, तर रोगानं मळा जायचा."

ती भिंग घेऊन घमेल्यावर वाकली. पाण्यावर नाना किडे तरंगत होते. सगळेच बारीक, सगळ्यांनाच पंख. बाबा रोज विचारायचे, "येतेस बघायला?" आणि ती रोज म्हणायची, "मला कामं आहेत."

तिच्या डोक्यात सणक गेली. "जन्मभर भिंग घेऊन नाचलात, आणि आता अडल्यावर असं निघून जायचं? ही काय रीत झाली?"

काका खाली बघू लागले. तिनं नाक पुसलं, भिंग पुन्हा पाण्यावर धरलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, यातला मावा कुठला, ते दाखवा ना मला."