गाडीची सालटी

ढुंढिराज मुळ्यांच्या हातून आयुष्यात फारसं काही वाईट घडलं नव्हतं, कारण त्यांच्या हातून फारसं काही घडलंच नव्हतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात टेबल, काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत घर, आणि दोन्हीकडे ऐकून घ्यायची सवय. त्या रविवारी मात्र त्यांनी एक निर्णय घेतला, आणि तोही बायकोला न विचारता.

निर्णय गाडीबद्दलचा होता. ही गाडी म्हणजे ताकासारख्या पांढऱ्या रंगाची, लांबच लांब, जुन्या काळची स्टेशन वॅगन. जबलपूरच्या सासऱ्यांनी, म्हणजे यज्ञेश्वरआप्पांनी, मोतीबिंदूपायी गाडी चालवणं सोडलं तेव्हा ती जावयाला देऊन टाकली होती. (देऊन टाकली असं म्हणायचं. दर आठवड्याला फोन करून ते आधी गाडीची चौकशी करत, मग मुलीची, आणि वेळ उरला तर जावयाची.) ब्रह्मा घाटाच्या गल्लीत सांड शिरतो, गाडी शिरत नाही, म्हणून ती मैदागिनजवळ एका जुन्या हवेलीच्या अंगणात उभी असे.

गाडीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, लाकडाच्या रेषा छापलेला चिकट व्हिनाइलचा पट्टा होता. आप्पांनी तो कधीकाळी स्वतःच्या हातांनी लावला होता. विलायतेत श्रीमंतांच्या गाड्या अशाच असतात, असं ते सांगत. पण एवढ्या उन्हाळ्यांनंतर त्या लाकडाला टाचांसारख्या भेगा पडल्या होत्या आणि कडा पापडासारख्या वळल्या होत्या. ऑफिसातल्या एकाने तर भर फाटकात विचारलं होतं, "गुरु, ई गाड़ी हौ कि पलंग?" तेव्हापासून परीक्षा विभागात ढुंढिराजांना कुणी गाडी कशी आहे असं विचारत नसे. पलंग कसा आहे, असं विचारत.

देवदिवाळीला आप्पा आणि माई काशीला यायचे होते. गाडी नव्यासारखी करून आप्पांना चकित करावं, असं ढुंढिराजांच्या मनात आलं. एकदा त्यांनी हे विद्युल्लताबाईंजवळ काढून पाहिलं होतं. बाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता, "आप्पांनी लावलंय ते, हात लावू नका." पण त्या रविवारी, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, बाई लाडू वळायला रामघाटावर मावशींकडे गेल्या होत्या. घर मोकळं होतं, आणि बाईंचा केस वाळवायचा ड्रायर कपाटात समोरच होता.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस फार गोड बोलत होता. स्टिकर गरम करा, कोपरा उचला, हळूच ओढा, बस्स. अंगणाच्या तोंडाशी विश्वेश्वर इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. त्याला सगळे बिसेसर म्हणत. त्याच्या घरातून लांब वायर ओढून ढुंढिराजांनी ड्रायर लावला आणि उजव्या बाजूचा एक कोपरा तापवून नखाने उचलला. हातभर पट्टा केळीच्या सालीसारखा सुळकन निघाला. खालचा रंग दुधासारखा लख्ख. एवढं निर्भेळ सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

ते सुख हातभरच टिकलं. पुढचं लाकूड नखाएवढ्या कपच्यांनी निघू लागलं, आणि जिथे निघालं तिथे डिंकासारखा चिकटा तसाच राहिला. चिकट्यावर धूळ बसली, धुळीवर कबुतराची पिसं बसली. बिसेसर म्हणाला मोहरीचं तेल लावा. कचोरीवाल्याकडून वाटीभर तेल आलं, दारावर चोळून झालं, तोच गल्लीतला सांड वासावर आला आणि मागचं दार मन लावून चाटू लागला. त्याला हाकलायची छाती कुणाची होत नव्हती. तो आपणहून जाईपर्यंत ढुंढिराज बॉनेटवर पाय पोटाशी घेऊन बसले. पण मान्य करायला हवं, सांड गेल्यावर मागच्या दारावर चिकट्याचा मागमूस नव्हता.

दुपार कलली तेव्हा उजवी बाजू स्वच्छ झाली. आता डावी. त्यांनी मागच्या दिव्याकडून सुरुवात केली. पहिल्या कपचीखाली पत्र्यावर एक खोल ओरखडा दिसला, आकड्यासारखा, खाली टिंब असलेला. अरेच्चा, हे तर प्रश्नचिन्ह. जरा पुढे सोललं तर 'मी'. मग 'की'. मग 'हवी'. आणि पुढच्या दाराशी, ड्रायरने एक हुंदका देऊन प्राण सोडता सोडता, 'ही'.

ही हवी की मी?

अक्षरं हात हात उंचीची, किल्लीने किंवा खिळ्याने कोरलेली, गंजाने तांबूस झालेली. पण वळण असं सुरेख, की शिरोरेषा पट्टी धरून ओढल्यासारखी. कुणीतरी रागाने, पण मुळीच घाई न करता लिहिलं होतं.

बिसेसर इस्त्री उभी करून ठेवून आला. त्याने याचा अर्थ विचारला. ढुंढिराज सरळ माणूस, त्यांनी सरळ अर्थ सांगितला, "ये चाहिए या मैं?" कुणी लिहिलं, असं त्याने विचारलं. ढुंढिराज म्हणाले, पता नहीं. (निर्दोष माणसाने हे दोन शब्द कधीही उच्चारू नयेत.) बिसेसर थोडा वेळ अक्षरांकडे, थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मराठी में है, तो घर ही का कोई होगा."

ढुंढिराजांनी गाडीवर जुनी सतरंजी टाकली, हात पुसले, कपच्या गोळा केल्या आणि मेलेला ड्रायर घेऊन घर गाठलं. तेवढ्या वेळात बातमी पानवाल्याकडून फुलवालीकडे आणि फुलवालीकडून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. ब्रह्मा घाटाच्या मुळे गुरुजींचं बाहेर काहीतरी आहे. आणि बिचाऱ्या वहिनींनी गाडीवरच लिहून ठेवलंय.

विद्युल्लताबाई लाडवांचा डबा घेऊन रामघाटाहून परतत होत्या. वाटेत फुलवालीने त्यांचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून धीर धरायला सांगितलं. दूधवाल्याने सांगितलं की पुरुषजात अशीच असते. बाई घरी आल्या आणि डबा न ठेवताच कडाडल्या.

"कोण आहे ही?"

"कोण ही?"

"तीच विचारतेय. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. ही कोण?"

"ही ना," ढुंढिराज सुटकेचा श्वास टाकत म्हणाले, "ही म्हणजे गाडी असणार."

"विषय बदलू नका."

मग बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळाला तेल, मिशीत पीस, कोपराला लाकडाची कपची, आणि अंगाला कचोरीचा वास. या माणसाचं बाहेर काही आहे हा संशय तिथल्या तिथे गळून पडला. तेवढ्यात त्यांना टेबलावर ड्रायर दिसला. त्याची नळी वितळून बदकाच्या चोचीसारखी झाली होती. त्यानंतर बाई जे बोलल्या त्याचा सारांश असा, की एखादी बाई असती तर एक वेळ समजून घेतलं असतं.

शांत झाल्यावर त्या मैदागिनच्या अंगणात आल्या, सतरंजी उचलली, आणि शिरोरेषेवरून बोट फिरवलं.

"हे माईचं अक्षर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

ढुंढिराजांचा विश्वास बसेना. माई, म्हणजे त्यांच्या सासूबाई आनंदीबाई, मराठी शाळेत मुलांचं अक्षर सुधारण्यात जन्म गेलेल्या. आप्पांपुढे त्यांनी आवाज चढवलेला घरात कुणी ऐकला नव्हता. विद्युल्लताबाईंनीही नाही. म्हणजे आप्पांचं ते विलायती लाकूड हौसेचं नव्हतंच. त्याखाली एक भांडण झाकलेलं होतं, आणि जावयाने ते उकरून काढलं होतं. आणि तेही, आप्पा-माई उद्या सकाळच्या रेल्वेने यायचे असताना.

नवरा-बायकोने उपाय शोधले. तसा पट्टा आता बाजारात कुठेच मिळेना. ढुंढिराजांनी कपच्या गोंदाने परत चिकटवून पाहिल्या, तर गाडी खरूज झाल्यासारखी दिसू लागली. शेवटी बाईंनी ठरवलं की स्टेशनवर गाडी डाव्या अंगाने भिंतीला घासून उभी करायची, दोघांना उजवीकडून आत बसवायचं, आणि पुढचं पुढे पाहता येईल.

सकाळी स्टेशनबाहेर त्यांनी अगदी तसंच केलं. पण आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते गाडीकडे असे आले जसा एखादा सैनिक आपल्या घोड्याकडे येतो. उजवी बाजू बघून त्यांचा चेहरा उतरला. "सोललीत?" एवढंच विचारून ते तिरके होत भिंत आणि गाडी यांच्या मधल्या फटीत शिरले. बराच वेळ बाहेर येईनात, म्हणून माईही मागोमाग गेल्या. ढुंढिराजांनी डोळे मिटून घेतले.

"अय्या," आतून माईंचा आवाज आला. "तुम्ही हे पुसलं नव्हतंत?"

आप्पा नुसतेच खाकरले.

"मला तर म्हणालात, ओरखड्यांत लांबी भरून घासून काढलं आणि वर लाकूड लावलं."

"एवढं चांगलं अक्षर," आप्पा पुटपुटले, "घासवेना."

दोघं फटीतून बाहेर आल्यावर ढुंढिराजांनी गाडी भिंतीपासून पुढे घेतली आणि मग सगळी हकीकत उघड्यावर आली. माईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. माई शालू नेसून दारात उभ्या, आणि आप्पा नव्या गाडीला पॉलिश करताहेत. दोन मिनिटं, दोन मिनिटं करता करता मुहूर्त टळला. सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या. तेव्हा माईंनी घराची किल्ली घेतली आणि मनातलं विचारून टाकलं. आप्पांनी ते वाचलं, जेवले, झोपले, आणि आठवड्याभरात लाकडाचा पट्टा घेऊन आले. पुढे त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

"उत्तर काही दिलं नाहीत," माई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या.

आप्पांनी गाडीकडे पाहिलं, मग माईंकडे. मग जावयापुढे हात केला. "किल्ली द्या जरा."

ढुंढिराजांना वाटलं, म्हातारा आता गाडी घेऊन एकटाच जबलपूरला जातो. पण आप्पा गुडघ्यांवर हात टेकत वाकले, आणि त्या प्रश्नाखाली किल्लीचं टोक रुतवून कोरू लागले. पत्र्याचा असा आवाज झाला की कुली थांबले. आदल्या दिवशी रंगाला ओरखडा पडू नये म्हणून नखं झिजवणाऱ्या ढुंढिराजांच्या घशातून एक बारीक किंकाळी निघाली. ती कुणाच्या लक्षात आली नाही. आप्पा सरळ उभे राहिले तेव्हा पत्र्यावर वेडंवाकडं एक अक्षर होतं.

'तु'.

माईंनी चष्मा नीट केला. डोळ्यांत पाणी होतं, पण मास्तरीणपण काही जात नव्हतं.

"ऱ्हस्व काढलात," त्या म्हणाल्या. "तू दीर्घ असतो."

आप्पा निमूटपणे पुन्हा वाकले. पुन्हा तो आवाज झाला. ढुंढिराजांनी या वेळी कानात बोटं घातली.

देवदिवाळी छान झाली. घाटावर दिवे लागले, लाडू संपले, आणि गाडीला रंग द्यायचा विषय ढुंढिराजांनी काढला तेव्हा तीन आवाजांनी एकदम नाही म्हटलं. माई आणि आप्पा परत जाईपर्यंत रोज मैदागिनला चालत जाऊन गाडीची डावी बाजू बघून येत. उजवीकडे आप्पांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहुण्यांना स्टेशनवर पोचवून ढुंढिराज अंगणात परतले, तर बिसेसर डाव्या बाजूला उकिडवा बसून नवं अक्षर निरखत होता. त्याने अर्थ विचारला. ढुंढिराजांनी सांगितला, "तुम."

"मतलब भाभीजी," बिसेसर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला.

ही खरी हकीकत सांगायची संधी होती. ढुंढिराजांनी तोंड उघडलंही, पण बिसेसरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना आश्वासन दिलं, की मोहल्ला काहीही म्हणो, त्याचा स्वतःचा या गोष्टीवर एक दिवसही विश्वास नव्हता.

"हम त सबसे कहत रहलीं, गुरु," तो मायेने म्हणाला, "ई काम तोहरे बस क ना हौ."

बदनामीने झाला नव्हता एवढा अपमान ढुंढिराजांना 'हे तुम्हाला जमणारच नाही' अशा या निर्दोष सुटकेने झाला. घरी येऊन त्यांनी तणतणत सगळं बायकोला सांगितलं. विद्युल्लताबाई उन्हात बसून पंच्याने केस पुसत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की बिसेसरला माणसांची पारख आहे.