काळेकाका आणि हैदराबादचा सूर्यास्त

आमच्या शेजारच्या काळेकाकांनी आजवर तीन वेळा माझा खून केलाय. पहिल्यांदा विहिरीत ढकलून, दुसऱ्यांदा विजेच्या शॉकनं, आणि तिसऱ्यांदा मी त्यांच्या फाटकासमोर स्कूटी लावली म्हणून थेट विष घालून. दर वेळी सकाळी सकाळी आमच्या दारात उभे राहून हसऱ्या चेहऱ्यानं सांगतात, "सुनंदा, काल तुला उडवली बरं का. लई झकास जमलंय." मग माझ्याच हातचा चहा पितात. वर साखर कमी पडली म्हणून सांगायलाही कमी करत नाहीत.

घाबरू नका. काका कादंबरी लिहितात. तीही साधीसुधी नाही, तत्त्वज्ञानाची रहस्यकथा. नाव 'ऐकणारं यंत्र'. एका गावात एक इंजिनिअर असं यंत्र आणून बसवतो, की माणसानं त्याच्यापुढं गाऱ्हाणं सांगावं आणि यंत्रानं उत्तर द्यावं. हळूहळू देवळातली गर्दी आटते, मशिदीतली आटते, दर्ग्यावरचे हार कमी होतात, आणि एका सकाळी इंजिनिअरचा मुडदा सापडतो. तपासाला येतो एक नास्तिक इन्स्पेक्टर. त्याला भेटतो एक भाविक घड्याळजी. दोघं प्रत्येक प्रकरणात देव आहे की नाही यावर तावातावानं भांडतात, आणि भांडण ऐन रंगात आलं की कुणीतरी मरतं. मरणारी सगळी माणसं आमच्या कॉलनीतली. नळाला मोटार लावणारे कुलकर्णी गेले, पहाटे हॉर्न वाजवणारा दूधवाला गेला, सोसायटीचे चेअरमन तर दोनदा गेले. हल्ली आमच्याकडं काकांशी कुणी वाकड्यात शिरत नाही.

काकांचं नाव कचरू. मूळचे पिशोरचे, शेतकरी घरातले. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं नवस बोलून, नजर लागू नये म्हणून हे असलं नाव ठेवलं. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या आगेमागे त्यांचा जन्म. "निजाम गेला, पण नवस माझ्या नावात घुसून बसला," असं ते अजूनही चिडून सांगतात. नोकरी टेलिफोन खात्यात झाली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घरात काका, सोल्डरिंगची कडकडीत तापलेली कांडी, आणि वायरींची जत्रा.

देव ते मानत नाहीत, आणि न मानण्याच्या बाबतीत लई कडक आहेत. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना बसवून घेतात, पाणी देतात आणि विचारतात, "पुरावा काय?" आज पाऊस येईल म्हटलं तरी पुरावा काय, आणि पोहे चांगले झालेत म्हटलं तरी पुरावा काय. वर्गणी मात्र देतात. पोरं पावती फाडून पुराव्यादाखल त्यांच्या हातात ठेवतात.

हा सगळा खटाटोप कुणासाठी चाललाय, ते मला फार उशिरा कळलं. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मुलानं त्यांची गाडी बंद केली आणि त्यांना शहागंजला नेण्याआणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहागंजात एका आतल्या गल्लीत हमीदभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, दुरुस्तीला आलेली आणि प्रत्येकी वेगळी वेळ दाखवणारी घड्याळं, एक पडदा, आणि पडद्यामागं दोन माणसं बसतील एवढी जागा. हमीदभाई पाच वेळचे नमाजी. काका असे. हमीदभाई काकांना पहिल्यापासून पाटीलच म्हणतात. तरणेपणापासून दोघं त्या पडद्यामागं बसून एकाच विषयावर भांडत आले. कुणीच जिंकलं नाही, आणि दोघांनाही त्याची घाई नव्हती.

मग हमीदभाईंचे कान गेले. मशीन आणलं होतं, पण त्यांनी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यातून सगळं शहागंज एकदम कानात घुसतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, ठार बहिऱ्या माणसाशी देवाच्या अस्तित्वावर वाद घालायचा म्हणजे कसा? काकांनी एकदा भर संध्याकाळी बोंबलून सांगितलं, "देव नाय! कुठंच नाय!" समोरचा फळवाला हातातला तराजू तसाच धरून बघत राहिला. गर्दी जमली. शेवटी हमीदभाईंनीच बाहेर येऊन लोकांना समजावलं की माणूस आपला आहे, तबियत जरा नासाज आहे.

त्यानंतर काका आपली बाजू कागदावर लिहून न्यायला लागले. हमीदभाईंची शाळा मराठीत झालेली, वाचता छान येतं. पण दोन पानं तर्क वाचून ते कागद परत करायचे. त्यांना आवडतात खून, दरोडे, वेषांतर. मग काय करता? काकांनी तर्कामध्ये मुडदे पेरायला सुरुवात केली. पुढं काय झालं हे कळायला हमीदभाईंना देवावरची चर्चा वाचावीच लागायची. वाचून झालं की ते तोंडी उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर काका पुढच्या प्रकरणात घड्याळजीच्या तोंडी घालायचे. म्हणजे आम्ही सगळे कॉलनीवाले मेलो ते या दोघांच्या गप्पा चालू राहाव्यात म्हणून. हे कळल्यावर मी माझे तिन्ही खून माफ करून टाकले.

त्या वर्षी रमजान आला. हमीदभाई रोजा दुकानातच सोडायचे. अजान ऐकू येत नाही, सायरन ऐकू येत नाही, म्हणून बाजूचा दुकानदार येऊन त्यांच्या खांद्याला ढोसायचा. हमीदभाईंना ते फार लागायचं. एकदा काकांना म्हणाले, की आता मी देवाकडंही ढोसल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या घरातून सोल्डरिंगचा वास यायला लागला.

त्यांनी एक दिवा बनवला. हिरवा, छोटासा. आत चिप. रोजच्या इफ्तारीची वेळ त्यात भरलेली, वेळ झाली की दिवा आपोआप लागणार. वेळा कुठून घेतल्या? हमीदभाईंच्याच दुकानात खिळ्याला लटकलेल्या उर्दू कॅलेंडरवरून. काकांना उर्दू आकडे वाचता येतात, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

पहिल्या दिवशी मीही होते. बाजूच्या दुकानदाराला आज ढोसायला येऊ नका म्हणून सांगितलेलं, पडदा ओढलेला, तिघं दाटीवाटीनं बसलेलो. दिवा लागला. हमीदभाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी दुआ म्हटली, खजूर तोंडात घातला, पाण्याचा घोट घेतला, काकांचा हात हातात घेऊन दाबला. मीही भजं उचललं. बाहेर मात्र सामसूम. काका कान देऊन बसलेले. आणि आमची भजी संपत आली तेव्हा, दहा-बारा मिनिटांनी, सायरन वाजला. मागोमाग सगळीकडून अजान सुरू झाली.

हमीदभाईंना अर्थातच काही ऐकू आलं नाही. ते दिव्याकडं बघून हसत होते.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. म्हटलं, राहू द्या काका, कुणाला कळणार आहे? तुमच्या मते तर वर बघणारंही कुणी नाही.

"वर कुणी नाय गं," काका म्हणाले. "पण आत हमीद बसलाय ना."

मग म्हणाले, हे सांगितलं तर तो मला पुन्हा या दुकानात बसू देईल का? आणि नाही बसू दिलं तर मी जाऊ कुठं? पुण्याला पोरगा हो ला हो करतो, कॉलनीत सगळे भितात. मला भांडायला एवढं एकच माणूस आहे.  मला त्यांची लई कीव आली, आणि खरं सांगायचं तर वाटलं, नका सांगू, कशाला हातानं घालवता.

पण ते उठले, आत गेले, आणि एका चिठोऱ्यावर लिहिलं: दिवा आधी लागला. सूर्य मावळला नव्हता. चूक माझी.

हमीदभाईंनी ते वाचलं. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. हैदराबाद. त्यांच्या सासुरवाडीहून दर वर्षी ते कॅलेंडर यायचं, आणि अजान ऐकू येत होती तोवर त्यातल्या वेळा बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. हैदराबाद पडलं पूर्वेला, तिथं सूर्य आपल्याआधी मावळतो. निजाम जाऊन एवढी वर्षं झाली, तरी आमच्या हमीदभाईंचा रोजा हैदराबादच्याच हुकमानं सुटला.

ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. दिव्याचं बटण बंद केलं. "एक रोज़ा क़ज़ा रखना पड़ेगा," एवढं म्हणाले, आणि नमाजला निघून गेले. कजा म्हणजे बुडलेला रोजा ईदनंतर भरून काढायचा.

काकांनी त्याचा एकच अर्थ लावला. उरलेला सगळा रमजान ते शहागंजकडं फिरकले नाहीत. कादंबरीची एक ओळ लिहिली नाही. कॉलनीत कुणी मेलं नाही, तेव्हा चेअरमन स्वतः येऊन तब्येतीची चौकशी करून गेले. काका संध्याकाळी गच्चीवर जाऊन सूर्य मावळताना बघायचे. एकदा मशिदीत जाऊन इथल्या वेळांचा तक्ता मागून आणला. गुपचूप हात जोडून घेतला, पुराव्याचं नाव काढलं नाही.

ईद झाली. एका संध्याकाळी हमीदभाईंच्या सुनेचा मला फोन आला. अब्बा उद्या कजा रोजा धरणार आहेत, आणि पाटील आजारी आहेत का म्हणून विचारलंय. शिवाय इन्स्पेक्टर गोदामात अडकला होता, त्याचं पुढं काय झालं?

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते नुसते चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे आमच्या दारात आले खरे, पण चहा नको म्हणाले. पाणीही नको. मला वाटलं पोट बिघडलं. दुपारी जेवायला बोलावलं तर तेही नको. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, काका, या वयात? आणि मानत नाही ना तुम्ही?

"मानतच नाय," ते करवादले. "पण चूक माझी, मग उपास त्यानं एकट्यानं कामून करायचा?"

संध्याकाळी गेलो. काकांचे ओठ सुकलेले, पायरी चढताना माझा हात धरावा लागला. हमीदभाईंनी त्यांच्याकडं एकदाच नीट बघितलं. "पाटील, तुम भी?" काकांनी मान हलवली. हमीदभाईंनी खजुराची बशी दोघांच्या मधोमध ठेवली. काकांनी दिव्यात नव्या वेळा भरल्या, बटण चालू केलं आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

दिवा आणि अजान एकदमच सुरू झाले. हमीदभाई खजूर हातात धरून थांबले होते. दिवा त्यांच्या डोळ्यासमोर होता. पण ते मान वळवून दाराकडं बघत होते.

"पाटील, हुई क्या?"

काकांनी अजानचे शब्द नीट ऐकून घेतले, मग मान हलवली. हमीदभाईंनी दुआ म्हटली आणि खजूर तोंडात घातला. दुसरा काकांच्या हातावर ठेवला.

परत येताना काका स्कूटीवर मागं बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुनंदा, त्यानं दिव्याकडं बघितलंच नाय. माझ्याकडं बघितलं."